प्रवासखर्चाची ओळ

२००८ च्या ऑगस्टमधल्या एका रात्री मी दोन लाख ऐंशी हजारांचा आकडा खोडला आणि त्या जागी साठ हजार लिहिले. जळगावच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. संशोधन प्रकल्पाचा प्रस्ताव दुसऱ्या दिवशी कुरिअरने दिल्लीला जायचा होता. एकूण रक्कम वीस लाखांच्या आत बसवायची होती आणि ती काही केल्या बसत नव्हती. खोडलेली ओळ प्रवासाची आणि गावोगाव फिरणाऱ्या माणसांच्या मानधनाची होती. ती खोडल्यामुळे उणे ऐंशी अंशांचा डीप फ्रीझर वाचला. झोपायला गेलो तेव्हा मला समाधान वाटत होतं, अवघड गणित सुटल्यासारखं.

म्हातारपणात माणसाच्या स्नायूंची ताकद कशी आणि किती वेगाने कमी होते, हा माझा विषय होता. म्हणजे एकाच माणसाच्या हाताची पकड आज मोजायची, दीड वर्षाने पुन्हा मोजायची, जमलं तर आणखी एकदा मोजायची. पुन्हा जाणं हाच त्या अभ्यासाचा जीव होता. आणि मी नेमकी पुन्हा जाण्याची तरतूद काढून टाकली होती. हे मला त्या रात्री कळायला हवं होतं. मी तोवर वीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवत होतो.

पण गोष्ट त्या रात्रीच्या आधी सुरू होते.

वार्धक्याचं वेड मला दोन पुस्तकांनी आणि एका लेखाने लावलं. बनारस हिंदू विद्यापीठात म. स. कानुनगो उंदरांवर वार्धक्याचा अभ्यास करत होते. त्यांचं १९८० चं ‘बायोकेमिस्ट्री ऑफ एजिंग’ मी विद्यार्थी असताना वाचलं होतं, १९९४ चं ‘जीन्स अँड एजिंग’ नोकरीत आल्यावर वाचलं. त्याच सुमारास सिंथिया केनियन यांचा १९९३ चा लेख हाती आला. एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी, त्याचं एकच जनुक बदललं आणि त्याचं आयुष्य दुप्पट झालं. आमचं कॉलेज नुकतंच पुणे विद्यापीठातून १९९० साली जळगावला स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे आलं होतं. आता आपल्याकडेही काही होईल असं वातावरण होतं. मी तो लेख झेरॉक्स करून वर्गात वाटला.

कृमी वाढवण्याची सोय आमच्याकडे नव्हती. फळमाशी होती. जळगावात फळमाशी मिळवण्यासाठी काही करावं लागत नाही, पिकलेलं केळं उघड्यावर ठेवलं की पुरे. न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत शंभर वर्षांपूर्वी ज्या माशा आनुवंशिकतेचे नियम शिकवून गेल्या, त्याही केळ्यांवरच पोसल्या होत्या. २००४ मध्ये मला दोन वर्षांसाठी एक छोटं अनुदान मिळालं. केळं, गूळ, अगर आणि यीस्ट यांचं खाद्य करायचं, निम्म्या माशांना ते पातळ करून द्यायचं आणि कमी खाणाऱ्या माशा किती दिवस जास्त जगतात ते बघायचं. मॅके यांनी १९३५ सालीच उंदरांमध्ये हे दाखवलं होतं. मला ते खानदेशच्या केळ्यावर करून बघायचं होतं.

फळमाशी २५ अंशांना साधारण दोन महिने जगते. हे ‘२५ अंशांना’ फार महत्त्वाचं आहे. लोब आणि नॉर्थ्रॉप यांनी १९१७ सालीच दाखवून ठेवलंय की तापमान वाढलं की माशीचं आयुष्य आखूड होतं. अंदाजपत्रकात मी इन्क्युबेटर मागितला होता, रसायनं मागितली होती, सूक्ष्मदर्शक मागितला होता. वीज गेल्यावर काय, याचा विचार केला नव्हता. ते भारनियमनाचे दिवस होते. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दिवसाचे कित्येक तास वीज नसायची.

माझ्याकडे दोन इन्क्युबेटर झाले होते, एक प्रकल्पाचा आणि एक शेजारच्या विभागाकडून मागून आणलेला. मागून आणलेला ज्या खोलीत होता तिथे इन्व्हर्टर होता. कमी खाणाऱ्या माशा त्या खोलीत होत्या. पोटभर खाणाऱ्या माशा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या खोलीत होत्या. तिथे वीज गेली की आतला पारा ३४-३५ ला पोचायचा.

शेवटी आकडे आले. कमी खाणाऱ्या माशा २३ टक्के जास्त जगल्या होत्या. मे महिन्याच्या एका संध्याकाळी दोन्ही खोल्यांतल्या तापमानाच्या वह्या शेजारी ठेवून मी बघत बसलो आणि मला स्पष्ट कळलं की यातलं किती खाद्याचं आणि किती इन्व्हर्टरचं, हे मला कधीच सांगता येणार नाही. प्रयोग पुन्हा करायला पैसा नव्हता, मुदतही नव्हती. हे अहवालात दोन ओळींत लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही. २३ टक्के लिहिलं, खाली आलेख काढला आणि अहवाल पाठवला. जगाने आधीच मान्य केलेलं उत्तर माझ्या हाती आलं होतं, त्यामुळे मला कुणी काहीच विचारलं नाही. त्या दोन वह्या मी फाडल्या नाहीत, पण नंतर पुन्हा उघडल्याही नाहीत.

पुढच्या मोठ्या प्रस्तावात ‘अर्जदाराचं आधीचं काम’ या मथळ्याखाली तोच आलेख होता. वीस लाखांच्या दारातून मी आत गेलो तो त्या आलेखाचा हात धरून. म्हणून म्हटलं, गोष्ट आधी सुरू होते.

नव्या प्रकल्पात दोन तालुके होते. एक रावेर, केळीचा, पाण्याचा, बारमाही कामाचा. दुसरा साक्री, धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेचा. तिथे बाजरी, कांदा, कपाशी आणि पावसाची वाट. साठीच्या पुढची १२० माणसं इथली, १२० तिथली. सगळ्यांनी आयुष्यभर शेतात कष्ट केलेले. पाण्याच्या गावात आणि कोरड्या गावात म्हातारपण वेगळं येतं का, हा प्रश्न होता. प्रश्न चांगला होता असं मला अजूनही वाटतं. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे साडेदहा कोटींच्या आसपास लोक होते आणि त्यातले बहुतेक खेड्यांत. त्यांच्या स्नायूंबद्दल, त्यांच्या हाडांबद्दल आपल्याला जे माहीत होतं ते बरंचसं परदेशातल्या किंवा शहरातल्या माणसांवरून. जळगावहून भुसावळ, सावदा करत रावेरला जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येतं. साक्री मात्र लांब. एरंडोल, पारोळा, धुळे आणि तिथून आणखी पुढे, जवळजवळ दीडशे किलोमीटर. मी जी ओळ खोडली ती मुख्यतः साक्रीची होती.

फ्रीझर का ठेवला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. त्याचं खरं उत्तर असं की यंत्र दिसतं. ते स्टॉक रजिस्टरला चढतं, त्याच्यावर प्रकल्पाचा क्रमांक रंगवतात, कॉलेजला भेट द्यायला समिती आली की प्राचार्य त्या खोलीचं दार उघडून दाखवतात. प्रकल्प संपला तरी ते विभागात राहतं. पायपीट कुठल्याही रजिस्टरला चढत नाही. आणि प्रस्ताव तपासणारी मंडळी मोठी असतात, मोठ्या प्रयोगशाळांतली. जळगावच्या माणसाने नुसतं गावात जाऊन हाताची पकड मोजतो म्हटलं तर ते विज्ञान वाटणार नाही, अशी मला भीती होती. ही भीती मला कुणी घातली नव्हती. ती माझीच होती.

मंजुरी आली. पहिला हप्ता २००९ च्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कॉलेजच्या खात्यात जमा झाला. फ्रीझरची किंमत सहा लाखांच्या घरात. म्हणजे जाहिरात, कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची बैठक. एका कोटेशनवर तारीख नव्हती म्हणून सगळं पुन्हा. यंत्र आलं तेव्हा लक्षात आलं की त्याला स्वतंत्र वीजजोडणी लागते, स्टॅबिलायझर लागतो, खोलीला वातानुकूलन लागतं. यातलं काहीही मी मागितलेलं नव्हतं. ऑक्टोबर उजाडला. पहिल्या हप्त्यातला मोठा भाग खर्च झाला, त्याचं लेखापरीक्षण झालं, उपयोगिता प्रमाणपत्र गेलं की दुसरा हप्ता सुटतो, हा नियम. मी प्रमाणपत्र सात महिने उशिरा पाठवलं. दुसरा हप्ता तितकाच मागे सरकला. प्रकल्पावरच्या मुलाचं मानधन त्यातून द्यायचं होतं. म्हणजे फ्रीझरने प्रवासखर्च दोनदा खाल्ला, एकदा कागदावर आणि एकदा प्रत्यक्ष.

तरी पहिली फेरी झाली. २०१० च्या जानेवारीचा पहिला आठवडा, पौषातली थंडी. साक्री तालुक्यातल्या त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. मारुतीच्या पाराजवळच्या शाळेत आम्ही दोन टेबलं मांडली. प्रकल्पावरचा मुलगा त्याच भागातला होता, अहिराणी त्याच्या घरची बोली. माणसं त्याच्याकडे बघून येत होती, माझ्याकडे बघून नाही. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग चहा-बिस्किटं, मग पकड, मग चार मीटर चालणं आणि शेवटी स्मरणशक्तीची प्रश्नावली. संमतिपत्र मी वाचून दाखवायचो. त्यात एक वाक्य होतं, ‘तपासणीचे निष्कर्ष सहभागी व्यक्तीस कळवले जातील.’ ते वाक्य मी एका नमुन्यावरून उतरवून घेतलं होतं. लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायचे. मी सोबत म्हणायचो, महिन्याभरात कागद घरी येईल.

११७ क्रमांकाच्या आजी सकाळी लवकर आल्या होत्या. सत्तरीच्या असाव्यात, वय त्यांना सांगता येत नव्हतं, दुष्काळाच्या वर्षावरून आम्ही काढलं. कांद्याच्या लागवडीचे दिवस होते, रक्त देऊन त्यांना शेतावर जायचं होतं. पकड मोजायचं यंत्र हातात घेतलं तेव्हा त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं, मग दाबलं. बोटांची पेरं मातीने काळी पडलेली. काटा फारसा हलला नाही. पुन्हा दाबा म्हटलं तर म्हणाल्या, सकाळपासून पोटात काही नाही. रक्तासाठी उपाशी राहायला आम्हीच सांगितलं होतं, तेवढंच कारण असेल असं मला वाटलं.

मग प्रश्नावली. तीस गुणांची ती चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली. मी तिचं प्रमाण मराठीत भाषांतर केलं होतं. पहिलाच प्रश्न, आज तारीख काय.

आजी म्हणाल्या, “आज संकष्टी शे.”

“तारीख, आजी?”

“तारीख तुमनी. आमले तिथ माहीत.”

मी शून्य लिहिलं. महिना विचारला, त्या पौष म्हणाल्या. उत्तरपत्रिकेत जानेवारी होतं. शून्य. शंभरातून सात-सात वजा करा म्हटलं तर त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वाचून तसं करा, शून्य. एक वाक्य लिहा, शून्य. आकृती बघून काढा, पेन्सिल त्यांनी हातात धरलीच नाही. शेवटी तीसपैकी सतरा आले. माझ्या तक्त्यात सतरा म्हणजे स्मृतिदोषाची शक्यता. मी तसा शेरा मारला. बरोबरचा मुलगा म्हणाला, सर, आजींना संकष्टी बरोबर माहीत आहे, चंद्रोदयाची वेळसुद्धा माहीत आहे. मी त्याला म्हटलं, आपल्याला ठरलेल्या चाचणीत बदल करता येत नाही.

बदल करता येत होता. तो बदल करूनही ठेवलेला होता. हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांत निरक्षर वृद्धांसाठी याच चाचणीचं हिंदी रूप तयार झालं होतं आणि ते १९९५ साली छापून आलं होतं, माझ्या प्रकल्पाच्या तेरा वर्षं आधी. मी ते शोधलं नाही. ज्या विद्यापीठाला पुढे २०१८ साली बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं, त्या विद्यापीठाच्या कॉलेजात मी शिकवत होतो. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. माझी प्रश्नावली त्यांच्यासमोर ठेवली असती तर त्यांच्याही पुढे मी असाच शेरा मारला असता. हे मला फार उशिरा सुचलं आणि ज्या दिवशी सुचलं त्या दिवशी मला वर्गावर जाववलं नाही.

रक्ताचे आकडे दहा दिवसांत आले. ११७ क्रमांकापुढे हिमोग्लोबिन ६.८ होतं. बारा असायला हवं. मी तो आकडा बघितला, त्याला पिवळा रंग दिला आणि ओळ खाली सरकवली. पिवळ्या रंगाचे साक्रीत नऊ जण होते, रावेरमध्ये चार. रावेरच्या चौघांना आमच्या विद्यार्थ्यांनी त्याच आठवड्यात कागद नेऊन दिले, ती मुलं त्याच बाजूची होती. साक्रीचे कागद छापून, पाकिटांत घालून, वर क्रमांक टाकून कपाटात ठेवले. जीपच्या भाड्याचे पैसे संपले होते. दुसरा हप्ता आला की जाऊ, असं ठरलं.

मी कारणं देत नाही, जे झालं ते सांगतो. फेब्रुवारीत परीक्षा होत्या. मार्चमध्ये फ्रीझर बंद पडला, तो दुरुस्त होईपर्यंत बर्फ आणून नमुने वाचवले. त्या बर्फासाठी मी रात्री दोन वाजता स्वतः धावलो होतो. रक्ताच्या नळ्यांसाठी मी रात्री धावलो आणि ते रक्त ज्यांचं होतं त्यांच्यासाठी एसटीत बसलो नाही. धुळ्याला मोठं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, साक्रीला ग्रामीण रुग्णालय आहे. एक पोस्टकार्ड, ग्रामपंचायतीत एक फोन, एवढ्यानेही काम झालं असतं. ते मला सुचलं नाही, कारण माझ्या डोक्यात ती माणसं दुसऱ्या फेरीत बसवली होती. ऑगस्टमध्ये प्रकल्पावरच्या मुलाने राजीनामा दिला. सात महिने त्याला मानधन मिळालं नव्हतं. घरी बहिणीचं लग्न होतं. त्याने एका औषध कंपनीत नोकरी धरली. जाताना त्याने पाकिटांची आठवण करून दिली. मी म्हटलं, बघतो.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मला एका छाननी समितीवर बोलावलं. छोट्या अनुदानांचे प्रस्ताव होते, दोन दिवसांत साठ-सत्तर. त्यात धुळ्याच्या एका तरुण प्राध्यापिकेचा होता. एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांचा आहार आणि पडण्याचं प्रमाण असा विषय, दर तीन महिन्यांनी त्याच घरी जायचं. यंत्रं जवळपास नव्हती. निम्म्याहून जास्त रक्कम प्रवास आणि मदतनीस बायकांच्या मानधनाला. मी शेऱ्यात लिहिलं, ‘प्रवासखर्च अवाजवी, वैज्ञानिक साधनांचा अभाव.’ बाकीच्यांनी मान डोलावली. प्रस्ताव बाजूला पडला. हे करायला मला चार मिनिटं लागली असतील.

त्या बाईंना मी पुढे एकदा भेटलो, धुळ्यातल्या एका चर्चासत्रात. तो शेरा माझा होता हे मी त्यांना सांगितलं. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सर, मी त्यानंतर तो विषय सोडला. आता प्रयोगशाळेत होणारं काम करते. ते मंजूर होतं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

साक्रीला मी गेलो तो २०१२ च्या फेब्रुवारीत. प्रकल्प संपायला दोन महिने उरले होते, दुसऱ्या फेरीचे थोडेबहुत आकडे दाखवल्याशिवाय अंतिम अहवाल लिहिता येत नव्हता. म्हणजे गेलो तोही अहवालासाठी गेलो, हे लपवत नाही. पाकिटं सोबत घेतली. एसटीने धुळे, तिथून दुसरी गाडी.

१२० पैकी ७१ जण भेटले. काही मुलांकडे सुरतेला गेले होते, काही ऊसतोडीला गेलेल्या घरांबरोबर, बाकीचे गेलेले. ११७ क्रमांकाच्या घरी अंगणात मुलगा कांद्याची रोपं मोजत होता. आई श्रावणात गेली, म्हणाला. दमायची फार, चार पावलं चालली की बसायची. वय झालं म्हणून कुणी दवाखान्यात नेलं नाही. मी पाकीट हातात धरून उभा होतो. त्याने मला ओळखलं होतं.

“रगत लई गयात. पुढे काय निंघनं?”

मी त्याला सांगितलं. आकडा सांगितला, तो किती असायला हवा ते सांगितलं आणि हे मला दोन वर्षांपूर्वी माहीत होतं हेही सांगितलं. त्या रक्ताचा आणि त्यांच्या जाण्याचा संबंध किती, हे मला माहीत नाही, कुणालाच सांगता येणार नाही. पण गोळ्या होत्या, त्या ग्रामीण रुग्णालयात फुकट मिळतात आणि आजी दर संकष्टीला, दर एकादशीला उपाशी राहत होत्या. तो ऐकत होता. त्याने पाकीट घेतलं, उघडलं नाही, आत नेऊन देवळीत ठेवलं. मग मला पाणी आणून दिलं. ते पाणी मला पिता येईना आणि न पिणंही बरं दिसेना.

अंतिम अहवालात मी या वेळी सगळं लिहिलं. पहिल्या फेरीतले १२० दुसऱ्या फेरीत ७१ का झाले, प्रश्नावली का वापरू नये, कागद कधी पोचले, फ्रीझर किती वेळा बंद पडला. स्मरणशक्तीचा पूर्ण तक्ता मी मागे घेतला. फळमाशांच्या २३ टक्क्यांबद्दल जुन्या संस्थेला वेगळं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही, फाइल कदाचित नष्टही झाली असेल. अहवालाला ‘समाधानकारक’ पेक्षा खालची श्रेणी मिळाली आणि पुढचं अनुदान मला मिळालं नाही. ती श्रेणी योग्य होती.

२०२१ च्या जानेवारीत ‘लासी’ या वार्धक्याच्या राष्ट्रीय अभ्यासाचा पहिला अहवाल आला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने तो केला. हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठं सोबत होती. पैसा आपल्या आरोग्य मंत्रालयाचा, अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा. ४५ वर्षांपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जण. हाताची पकड, चालण्याचा वेग, बोटातून टिपकागदावर घेतलेला रक्ताचा थेंब. माझ्याच प्रकल्पातल्या गोष्टी, पण त्याच माणसांकडे वर्षानुवर्षं पुन्हा जायचं हे त्या आराखड्यातच लिहिलेलं. अमेरिकेत असा अभ्यास १९९२ पासून दर दोन वर्षांनी चालू आहे. मी तो अहवाल घरी त्याच टेबलावर वाचला. घरोघर जाणारी माणसं किती होती, त्यांना किती दिवस शिकवलं, हे लिहिलेली पानं मी आधी वाचली.

आता वार्धक्यावर जगात पाण्यासारखा पैसा येतोय. गूगलने २०१३ मध्ये कॅलिको काढली, २०२२ मध्ये आल्टोस लॅब्ज तीन अब्ज डॉलर घेऊन उभी राहिली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही दीर्घायुष्यावर मोठं काम सुरू झालंय, दिल्लीत अनुदान देणारी नवी राष्ट्रीय संस्था २०२४ पासून आली आहे. जळगावची, धुळ्याची तरुण मुलं कधीमधी प्रस्ताव घेऊन माझ्याकडे येतात. त्यात पेशी पुन्हा तरुण करण्याची भाषा असते आणि ती भाषा मला ओळखीची वाटते. मी अंदाजपत्रकाचं पान आधी काढतो. परवा एका मुलीने प्रवासाला वीस हजार लिहिले होते. मी तिला विचारलं, रिपोर्ट द्यायला कोण जाणार? ती म्हणाली, व्हॉट्सॲपवर पाठवू. मी विचारलं, आजींकडे फोन आहे का? तिने पेन काढलं.

त्या फेब्रुवारीत साक्रीहून निघताना एक म्हातारबाबा पारावर बसले होते. ८९ क्रमांक. त्यांचा कागद ठीक होता, सगळे आकडे बरे. वाचता येत नसल्यामुळे मी तो वाचून दाखवला. त्यांनी कागदाची बारीक घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवली.

“पुन्हा कव्हय येशात?”

प्रकल्प ३१ मार्चला संपत होता. महिना सांगायचा म्हणून एप्रिल हा शब्द तोंडात आला होता, तो मी गिळला आणि म्हटलं, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी.

त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २४ एप्रिलला होती. २५ ला सकाळी साडेपाचच्या एसटीने मी जळगावहून निघालो, पिशवीत पकड मोजायचं यंत्र आणि उरलेली पाकिटं. गावात माहेरी आलेल्या लेकी होत्या, लिंबाच्या झाडांना झोके बांधलेले होते. बाबा पारावर बसले होते आणि त्यांच्या शेजारी आणखी सहा-सात जण.